अस्तर ‘तयार’ होतं म्हणजे नक्की काय होतं? गर्भ रुजण्यामागची जनुकं

मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या काही जोडप्यांच्या हातात हल्ली एक वेगळाच रिपोर्ट येतो : गर्भाशयाच्या अस्तराची जनुक चाचणी. त्यावर ‘अस्तर तयार नाही’ असा शेरा असला की घरात पहिली शंका निघते ती अशी, की म्हणजे हिच्यात काही आनुवंशिक दोष आहे का? तसं नाही. हा गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण त्याचा त्रास बहुतेक वेळा त्या बाईलाच सोसावा लागतो.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २० हजार जनुकं असतात. डोळ्याची पेशी वेगळी आणि गर्भाशयाची वेगळी, ती कोणत्या पेशीत कोणती जनुकं कामाला लागली आहेत यामुळे. जनुक कामाला लागलं की त्याच्या आरएनए प्रती निघतात आणि त्यावरून प्रथिन बनतं. अस्तराची चाचणी या प्रती मोजते. म्हणजे अस्तराचा तुकडा घेतला त्या दिवशी, त्या तासाला कोणती जनुकं चालू होती आणि कोणती बंद, एवढंच ती सांगते. पुढच्या आठवड्यात तुकडा घेतला तर त्याच बाईचा रिपोर्ट पूर्ण वेगळा येईल. आई-वडिलांकडून आलेले दोष शोधायचे तर त्यासाठी रक्ताच्या निराळ्या तपासण्या असतात.

तेव्हा जनुकांची ही सगळी गोष्ट वेळेची आहे. पेरणीसाठी जमिनीला वाफसा यावा लागतो. ओल जास्त असली तर बी कुजतं, कमी असली तर उगवत नाही, आणि वाफसा फार दिवस टिकतही नाही. अस्तराचंही तसंच. २८ दिवसांच्या चक्रात साधारण २० ते २४ या दिवसांत ते गर्भाला रुजू देतं. त्याआधी नाही आणि नंतरही नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायकांच्या लघवीतलं एचसीजी, म्हणजे गर्भ रुजल्यावर बनू लागणारं संप्रेरक, रोज मोजलं होतं. टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के अंडोत्सर्गानंतर (बीजकोशातून अंडं बाहेर पडल्यानंतर) आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजल्या होत्या. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत लवकर गर्भ जाण्याचं प्रमाण १३ टक्के होतं. अकराव्या दिवशी रुजलेल्यांत ते ५२ टक्क्यांवर गेलं.

आधी इस्ट्रोजेन

पाळी संपते तेव्हा अस्तर जेमतेम काही मिलिमीटर उरलेलं असतं. वरचा थर गळून गेलेला असतो आणि खालचा पायाचा थर शाबूत असतो. त्या पायाच्या थरातून पुढच्या दहा-बारा दिवसांत नवं अस्तर वाढतं आणि अंडोत्सर्गाच्या सुमारास बहुतेकींमध्ये ८ ते १२ मिमीपर्यंत पोचतं. त्यात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. पोकळीच्या बाजूने आणि ग्रंथींच्या आत एकसलग आवरण करणाऱ्या त्या आवरणपेशी. आणि त्यांच्याखाली भरावासारख्या पसरलेल्या त्या आधारपेशी. पुढचं सगळं या दोघींमधल्या निरोपांच्या देवाणघेवाणीवर चालतं, म्हणून हा भेद लक्षात ठेवा.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीत शिरून ईएसआर-१ या जनुकाने बनवलेल्या ग्राहक प्रथिनाला, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. आधारपेशी मग वाढीची प्रथिनं सोडतात आणि त्यांच्या जोरावर आवरणपेशी भराभर विभागतात. पण इस्ट्रोजेनचं आणखी एक काम आहे आणि ते तितकंच महत्त्वाचं आहे : ते पीजीआर हे जनुक जागं करतं. पीजीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाच्या ग्राहकाचं जनुक. इस्ट्रोजेनचे पुरेसे दिवस मिळाले नाहीत तर प्रोजेस्टेरॉन रक्तात कितीही असो, त्याला धरायला पेशीत ग्राहकच नसतात. आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारात) गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दहा-बारा दिवस घ्यायला लावतात, त्याचं हे कारण आहे. नुसती जाडी वाढवण्यासाठी ते नसतं.

मग प्रोजेस्टेरॉनचा लगाम

अंडोत्सर्ग झाला की बीजकोशात उरलेली पुटिका प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. पीजीआर जनुकापासून ग्राहकाचे दोन प्रकार तयार होतात, ए आणि बी. बी हा १६४ अमिनो आम्लांनी लांब असतो, एवढाच दोघांच्या रचनेतला फरक. पण कामं बरीच वेगळी. १९९५ मध्ये पीजीआर काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले तेव्हा त्यांच्या माद्यांना अंडोत्सर्गही होईना आणि गर्भाशय गर्भाला प्रतिसादही देईना.

इथून पुढची साखळी मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडली आहे. तिच्यातली प्रमुख जनुकं माणसाच्या अस्तरातही सापडतात. प्रोजेस्टेरॉन आवरणपेशीत आयएचएच नावाचं जनुक चालू करतं. त्याचं प्रथिन बाहेर पडतं आणि खालच्या आधारपेशींना गाठतं. तिथे एनआर२एफ२ हे जनुक कामाला लागतं आणि त्यामागोमाग बीएमपी-२ आणि डब्ल्यूएनटी-४. दुसऱ्या बाजूने प्रोजेस्टेरॉन आधारपेशींत हँड-२ हे जनुक चालवतं. हँड-२ वाढीच्या प्रथिनांचा पुरवठा कमी करतं आणि वरच्या आवरणपेशींचं विभाजन थांबतं.

हे थांबणं मला या साऱ्या प्रक्रियेतलं सर्वांत मोलाचं पाऊल वाटतं. वाढत राहणाऱ्या आवरणावर गर्भ रुजत नाही. अस्तर जितकं जाड तितकं चांगलं, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. हँड-२ कायमचं गप्प झालं तर काय होतं तेही दिसलेलं आहे : गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात या जनुकावर मिथाइल गट (डीएनएवर चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) बसून ते बंद पडल्याचं आढळतं. ज्यांना महिनोन्‌महिने अंडोत्सर्ग होत नाही, उदाहरणार्थ पीसीओएस (बीजकोशांचा एक संप्रेरकविकार) असलेल्या काही जणींना, त्यांच्यात प्रोजेस्टेरॉनचा हा लगामच बसत नाही. त्यांना ठरावीक काळाने प्रोजेस्टेरॉन देऊन पाळी आणतात ती नुसती पाळी नियमित दिसावी म्हणून नव्हे. अस्तराच्या बेलगाम वाढीपासून संरक्षण हा त्यामागचा मुख्य हेतू असतो.

अंडोत्सर्गानंतर सुमारे सहा-सात दिवसांनी आणखी एक बदल होतो. आवरणपेशींतले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक ओसरतात, आधारपेशींत मात्र प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक टिकून राहतात. प्रोजेस्टेरॉननेच सुरू केलेलं काम आता वरच्या थरात त्याच्याविना पुढे जातं. ज्या उंदरांत वरच्या थरातले हे ग्राहक मुद्दाम टिकवून ठेवले, त्यांच्यात गर्भ रुजला नाही.

एलआयएफ आणि हॉक्सए-१०

रुजण्याच्या दिवसांत ग्रंथींमधून एलआयएफ नावाचं प्रथिन झिरपतं. त्याचं महत्त्व १९९२ मध्ये एका सुंदर प्रयोगातून कळलं. एलआयएफ नसलेल्या उंदीर-माद्यांच्या पोटात गर्भ तयार होत होते, ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे रुजण्याआधीच्या पोकळ गोळ्याच्या, अवस्थेपर्यंत नीट वाढत होते, पण रुजत नव्हते. तेच गर्भ दुसऱ्या, सामान्य मादीत सोडले तेव्हा ते रुजले आणि वाढले. म्हणजे गर्भात खोट नव्हती. एलआयएफ सोडायला ग्रंथी लागतात आणि ग्रंथींच्या कामासाठी फॉक्सए-२ हे जनुक लागतं. फॉक्सए-२ नसलेल्या माद्यांना एलआयएफचं इंजेक्शन दिलं तर गर्भ रुजतो, असंही पुढे दिसलं.

मग बायकांनाही एलआयएफ द्यावं, हे ओघाने आलंच. प्रयोगशाळेत बनवलेलं एलआयएफ वारंवार अपयश आलेल्या बायकांना देऊन पाहिलं गेलं आणि २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. ज्यांना नुसतं खोटं औषध दिलं होतं त्यांच्यातच गर्भधारणा अधिक झाल्या. उंदरात एक जनुक निर्णायक ठरलं म्हणून तेच प्रथिन बाहेरून टोचून माणसाचं काम होईल असं नाही. आजही ‘रुजण्याचं इंजेक्शन’ म्हणून काही विकलं जात असेल तर हे निकाल आठवावेत.

हॉक्सए-१० हे सातव्या गुणसूत्रावरचं जनुक. स्त्रीगर्भ आईच्या पोटात असताना प्रजननमार्गाचा कुठला भाग गर्भाशय होणार हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. बहुतेक अशी जनुकं जन्मानंतर शांत होतात. हॉक्सए-१० मात्र प्रौढपणी दर महिन्याला पुन्हा उसळतं, तेही नेमकं रुजण्याच्या दिवसांत. हॉक्सए-१० नसलेल्या उंदीर-माद्यांचे गर्भ दुसऱ्या मादीत वाढतात, पण दुसऱ्या मादीचे धडधाकट गर्भ यांच्या गर्भाशयात टिकत नाहीत. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत या जनुकावर बरीच वर्षं काम झालं आहे. तिथल्या संशोधकांनी माकडांत दाखवलं, की हॉक्सए-१० वर प्रोजेस्टेरॉनचा आणि जवळ आलेल्या गर्भाच्या संकेतांचाही परिणाम होतो. अस्तर एकतर्फी तयार होत नाही, ते गर्भाशी बोलत असतं, हे त्यातून दिसतं.

याच दिवसांत पृष्ठभागावर चिकटण्याची प्रथिनंही उमटतात. आयटीजीबी-३ या जनुकाचं इंटिग्रिन हे त्यांतलं सर्वांत अभ्यासलेलं.

आधारपेशींचा कायापालट

गर्भ चिकटला तरी आत शिरायला जागा आणि अन्न हवं. त्यासाठी लांबट, बारीक आधारपेशी फुगून गोल होतात आणि साखरेचा साठा भरतात. फॉक्सओ-१ आणि हॉक्सए-१० ही जनुकं मिळून हा पालट घडवतात. त्या पेशी मग प्रोलॅक्टिन आणि आयजीएफबीपी-१ ही प्रथिनं सोडू लागतात, आणि प्रयोगशाळेत पालट झाला की नाही हे यांच्याच प्रमाणावरून ओळखतात.

यात दोन गोष्टी विलक्षण आहेत. पहिली : उंदरात हा पालट गर्भ आल्यावरच होतो, माणसात तो गर्भ असो वा नसो, दर महिन्याला होतो. एकदा बदललेल्या पेशी मागे फिरत नाहीत. गर्भ आला नाही आणि प्रोजेस्टेरॉन घसरलं की तो थर टाकून द्यावा लागतो. पाळी येते ती यामुळे. काही माकडं, काही वटवाघळं असे मोजकेच सस्तन प्राणी सोडले तर हे इतरांत घडत नाही.

दुसरी : मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीत प्रोलॅक्टिनचं जनुक जिथून सुरू होतं तिथून ते अस्तरात सुरू होत नाही. अस्तरात ते सुमारे सहा हजार डीएनए अक्षरं आधी असलेल्या दुसऱ्याच ठिकाणाहून सुरू होतं. ते ठिकाण म्हणजे कधीकाळी जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारून स्थिरावलेला डीएनएचा तुकडा आहे.

बदललेल्या या पेशी गर्भाची पारखही करतात. निकोप गर्भाच्या संकेतांना त्या एक प्रतिसाद देतात, बिघडलेल्या गर्भाला दुसरा. पुन्हापुन्हा गर्भपात होणाऱ्या काही बायकांत अस्तर फार कडक नसून उलट फारच सैल असतं, टिकू न शकणाऱ्या गर्भालाही ते रुजू देतं, असं एक मत आहे आणि त्याला प्रयोगांचा आधार आहे.

आनुवंशिक फरकाचं एक उदाहरण मात्र इथे सांगायलाच हवं. पीजीआरचा एक प्रकार निअँडरथल मानवाकडून आधुनिक माणसात आला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार युरोपातल्या जवळजवळ तीनपैकी एका स्त्रीत तो आहे, आणि अशा बायकांत गर्भारपणाच्या सुरुवातीचा रक्तस्राव आणि गर्भपात कमी आढळले. म्हणजे जन्मतः मिळालेला फरक इथे चक्क फायद्याचा निघाला.

बिघाड कुठून येतो

ही जनुकं गडबडतात ती बहुतेक वेळा भोवतालच्या आजारामुळे. आणि तो आजार पुष्कळदा दुरुस्त करता येतो. जनुकांच्या रिपोर्टपेक्षा आधी इकडे लक्ष द्यावं असं माझं ठाम मत आहे.

गर्भनलिकेचं टोक बंद होऊन तिच्यात पाणी साचलं तर ते पाणी गर्भाशयात झिरपतं. अशा बायकांत हॉक्सए-१० कमी आढळतं आणि आयव्हीएफचं यश जवळजवळ निम्म्यावर येतं. आयव्हीएफआधी ती नलिका दुर्बिणीने काढली किंवा गर्भाशयाजवळ बंद केली की यश सुधारतं, हे चाचण्यांत सिद्ध झालेलं आहे. सोनोग्राफीत अशी नलिका दिसली असेल आणि कोणी तसाच गर्भ सोडायला निघालं असेल, तर थांबून विचारा.

पोकळीत डोकावणारी फायब्रॉइडची (गर्भाशयाच्या स्नायूची, कर्करोग नसलेली) गाठ टीजीएफ-बीटा-३ हे प्रथिन सोडते. त्यामुळे अस्तराच्या पेशी बीएमपी-२ ला दाद देईनाशा होतात आणि हॉक्सए-१०, एलआयएफ दोन्ही घटतात. गाठ एका कोपऱ्यात असली तरी परिणाम साऱ्या अस्तरावर होतो. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या गाठीचा असा त्रास सहसा नसतो, म्हणून गाठीच्या आकाराआधी तिची जागा विचारावी.

एंडोमेट्रिओसिसमध्ये (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारात) हॉक्सए-१० च्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट बसतात. जनुक जागेवर असतं, त्यातली अक्षरं बदललेली नसतात, पण ते वाचलं जात नाही. शिवाय प्रोजेस्टेरॉनला अस्तर पुरेसा प्रतिसाद देत नाही. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन उत्तम आणि तरीही अस्तर मागे, हे कोडं इथे सुटतं.

आपल्याकडे गर्भाशयाचा क्षय विसरून चालत नाही. क्षयाने किंवा जोरकस क्युरेटिंगने (अस्तर खरवडण्याने) पायाचा थरच नष्ट झाला, भिंती एकमेकींना चिकटल्या, तर जनुकं चालवायला पेशीच उरत नाहीत. पाळी हळूहळू कमी होत जाणं ही त्याची खूण. अशा वेळी हिस्टेरोस्कोपी करून, म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून, पोकळी डोळ्यांनी पाहावी. कितीही संप्रेरकं दिली तरी जखमेच्या वणातून अस्तर उगवत नाही.

आयव्हीएफच्या इंजेक्शनांमुळेही वेळ चुकते. अंडी पिकवण्याच्या शेवटच्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरला १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलेलं असेल, तर अस्तर गर्भाच्या पुढे धावलेलं असतं. म्हणून अशा चक्रात सगळे गर्भ गोठवून पुढच्या एखाद्या चक्रात सोडण्याचा सल्ला देतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

चाचणी करावी का?

सर्वांत गाजलेली चाचणी दोनशेहून अधिक जनुकांच्या प्रती मोजते. बारीक प्लास्टिकच्या नळीने अस्तराचा तुकडा घेतात, काही मिनिटांचं काम असतं, थोडी कळ येते, आणि त्या चक्रात गर्भ सोडता येत नाही. रिपोर्टनुसार पुढच्या चक्रात गर्भ सोडण्याची वेळ काही तासांनी मागे-पुढे करतात. कल्पना पटण्यासारखी आहे. पण २०२२ मध्ये ७६७ बायकांवरच्या अभ्यासाचे निकाल प्रसिद्ध झाले : रिपोर्टप्रमाणे वेळ बदललेल्या गटात ५८.५ टक्के जणींना मूल झालं, नेहमीच्या वेळी गर्भ सोडलेल्या गटात ६१.९ टक्के. फायदा दिसला नाही. प्रजनन तज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०२३ च्या शिफारशींत अशा चाचण्या सरसकट करू नयेत असंच म्हटलं आहे.

असं का व्हावं? तुकड्यात आवरणपेशी, आधारपेशी, रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारक पेशी सगळ्या एकत्र दळल्या जातात. कोणाचा आवाज कोणता हे वेगळं निघत नाही. एकेक पेशी वेगळी वाचणारं तंत्र आता आलं आहे आणि त्यातून चित्र अधिक स्वच्छ होत आहे, पण ते अजून दवाखान्यातलं साधन झालेलं नाही. दुसरं कारण अधिक मोठं आहे. अपयश बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांमुळे येतं. चाळिशीत निम्म्याहून अधिक ब्लास्टोसिस्टमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. गर्भाशय निरोगी असलेल्या बायकांत, गुणसूत्रं तपासलेले गर्भ एकेक करून तीन वेळा सोडले तेव्हा ९५ टक्के जणींमध्ये गर्भ रुजला, असं २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. केवळ अस्तरामुळे वारंवार अपयश येणाऱ्या बायका फारच थोड्या आहेत.

वेळ पाळण्याचं काम

गोठवलेला गर्भ सोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत अस्तर सोनोग्राफीत तीन रेघांचं आणि साधारण ७ मिमीच्या वर दिसलं की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात. पहिल्या डोसपासून जनुकांची साखळी चालू होते, आणि पाच दिवसांचा ब्लास्टोसिस्ट सहसा पूर्ण पाच दिवसांनी, म्हणजे सुमारे १२० तासांनी सोडतात. ७ मिमीच्या खाली गर्भ राहतच नाही असं नाही, शक्यता कमी होते.

अशा चक्रात अंडोत्सर्ग झालेला नसल्याने स्वतःचं प्रोजेस्टेरॉन शून्याजवळ असतं. सगळा भार औषधावर. मध्येच थांबवलं तर आधारपेशी पाळीच्या वाटेला लागतात : ऊती विरघळवणाऱ्या एंझाइम्सची जनुकं चालू होतात. म्हणून गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आल्यावरही, वार (प्लॅसेंटा) स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवू लागेपर्यंत, बहुतेक डॉक्टर दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत ते चालू ठेवतात. थोडे रक्ताचे डाग दिसले म्हणून घाबरून औषध स्वतःहून बंद करू नका. आधी फोन करा.

पहिल्या डोसची तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. तो डोस काही तास उशिरा घेतला गेला असेल तर गर्भ सोडण्याआधी दवाखान्यात सांगा. रागावतील या भीतीने लपवू नका, कारण त्यांचं सगळं गणित त्याच वेळेवर बसवलेलं असतं. गर्भ अजून गोठलेलाच असेल तर तो सोडण्याची वेळ पुढे ढकलता येते, आणि त्यात गर्भाचं काही नुकसान होत नाही.